आधी अर्ज कुणाचा, आधी माल कुणाचा

अगं, आता ते स्क्रीनशॉट पाठवणं पुरे. कळलं मला. तुमच्या मसाल्याचं नाव दुसऱ्याच कुणीतरी ट्रेडमार्कसाठी भरलंय, मालाचा क्लासही तोच, तीस नंबरचा, आणि तू अजून अर्जच केलेला नाहीस. तुझा नवरा म्हणतो नाव गेलं, नवीन शोधा. तुमचा सीए म्हणतो, जो आधी अर्ज करेल त्याचं नाव. आणि तू रात्री एक वाजता मला विचारतेस, छापून आलेल्या पाऊचचं काय करू! पाऊच राहू देत कपाटावर. आधी नीट ऐकून घे.

सीए खोटं सांगत नाहीये, अर्धं सांगतोय. आणि अशा अर्ध्या माहितीवर बायका चांगली चाललेली नावं सोडून देतात, हे ऑफिसात फायली चाळताना इतक्यांदा पाहिलंय की आता मला रागच येतो.

आपल्या कायद्यात दोन तारखा चालतात. एक अर्जाची, एक वापराची. रजिस्ट्रीच्या दारात पहिलीला मान, पण नाव खरं कुणाचं असा वाद उभा राहिला की दुसरी वरचढ ठरते. गर्दीच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसा हा अर्ज. रुमालाला किंमत आहेच. पण त्या सीटवर आधीपासून कुणी बसलेली असेल, तर रुमाल तिच्या मांडीवर पडतो. तुम्ही आधीपासून बसलेल्या आहात, एवढंच आपल्याला दाखवायचंय. ते तोंडाने सांगून भागत नाही, ही त्यातली खरी मेख.

आता रजिस्ट्रीत काय होतं ते ऐक. तुला वाटतं तसं तिथे कुणी दोन अर्ज शेजारी ठेवून, ही बाई खरी की तो माणूस खरा, असा निवाडा करत बसत नाही. प्रत्येक अर्जाला नंबर आणि तारीख पडते. परीक्षक तुझा अर्ज उघडतो, सारखी दिसणारी, सारखी ऐकू येणारी नावं शोधतो आणि आधीच्या तारखेचं काही सापडलं की कलम ११ दाखवून तुझ्यापुढे ठेवतो. त्या आधीच्याची नोंदणी झालेली असायलाच हवी असंही नाही, नुसता पडून असलेला अर्जसुद्धा पुरतो, तारीख आधीची असली म्हणजे झालं. (एकाच दिवशी दोघांचे अर्ज पडले, तर सकाळचा अर्ज संध्याकाळच्याला या कलमाखाली अडवत नाही. कायदा तारीख म्हणतो, वेळ म्हणत नाही.) तेव्हा तू उद्या अर्ज केलास की एक्झामिनेशन रिपोर्टात त्या माणसाचा अर्ज नंबर येणार, हे धरूनच चाल. तो आला म्हणजे नकार आला असं नव्हे. एका महिन्यात उत्तर द्यायचं असतं. कितीतरी जणी इथेच हरतात, कारण त्या ईमेल उघडतच नाहीत, आणि उत्तर गेलं नाही की अर्ज सोडून दिला असं धरतात.

कुणी एजंट तुला म्हणेल, ताई, जादा पैसे भरा, तुमचा नंबर वर लावतो. जादा फी भरून तपासणी लवकर करून घ्यायची सोय खरीच आहे, एकट्या व्यक्तीला २०,००० रुपये पडतात. तपासणी लवकर होईल, पण तुझ्या अर्जाची तारीख आहे तीच राहील. त्या पैशांत कांडपाचं मशीन दुरुस्त कर.

पण अर्जाची तारीख किरकोळ आहे असंही समजू नकोस. नोंदणी दोन वर्षांनी होवो की पाच, ती धरली जाते अर्ज केलेल्या दिवसापासून. म्हणजे त्या माणसाचं सर्टिफिकेट उद्या निघालं, तरी त्याचा हक्क मोजायचा तो त्याच्या अर्जाच्या दिवसापासून. परदेशातून येणाऱ्यांना तर आणखी सवलत. पॅरिस करारातल्या देशात कुणी अर्ज केला आणि सहा महिन्यांच्या आत इथे केला, तर इथेही तिकडचीच तारीख धरतात. म्हणून आज सर्च केला, काही सापडलं नाही, आता निर्धास्त झोपा, असं कुणी सांगितलं तर मान डोलव आणि अर्ज भरून टाक.

आता तुझ्या कामाचं कलम. ३४ नंबरचं. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात माझ्या मते घरगुती धंदा करणाऱ्या बायकांसाठी याच्याइतकं उपयोगी दुसरं कलम नाही. ते म्हणतं, एखादीने ते नाव आधीपासून, खंड न पडता वापरलं असेल, तर नंतर नोंदणी मिळालेला माणूस तिला थांबवू शकत नाही. शिवाय, वापर सिद्ध झाला तर केवळ त्याची नोंदणी आहे म्हणून रजिस्ट्रारने तिला नोंदणी नाकारायची नाही. फक्त 'आधीपासून' म्हणजे कशाच्या आधीपासून, हे नीट बघ. त्याने वापरायला सुरुवात केली ती तारीख आणि त्याच्या नोंदणीची तारीख, म्हणजे पर्यायाने अर्जाची, या दोन्हींत जी आधीची असेल, तिच्याही आधी तुझा वापर हवा. त्याने अर्जात २०२१ पासून वापर लिहिलाय ना? तो त्याचा दावा झाला, पुरावा नव्हे. तरी आपण २०२१ धरूनच कागद शोधायचे. त्याच्या अर्जाची तारीख गेल्या वर्षीची आहे म्हणून २०२३ ची बिलं काढून बसू नकोस.

कोर्टांनी या बाबतीत काय केलंय ते दोन-चार प्रकरणांतून कळतं. तिरुनेलवेलीचा इरुट्टुकडै हलवा ऐकलायस? तिथल्या देवळाजवळचं जुनं दुकान. दुसऱ्याने त्याच नावाने हलवा विकायला सुरुवात केली, आणि गंमत म्हणजे नोंदणी त्यालाही मिळाली. म्हणजे दोघांकडे सर्टिफिकेट. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं, दोन सर्टिफिकेटं असोत, नाव आधी वापरणाऱ्याचा हक्क वरचा. हलव्यासारख्या वस्तूवर इतक्या वरच्या कोर्टात निकाल लागला याचा मला अजून आनंद वाटतो.

त्याच वर्षी औषधाचं एक प्रकरण गाजलं. भुलीचं औषध, प्रोपोफॉल. एका कंपनीने १९९२ मध्ये 'रोफॉल' नावाचा अर्ज केला, २००१ मध्ये नोंदणी मिळाली, आणि प्रत्यक्ष औषध बाजारात आलं २००४ मध्ये. दरम्यान दुसरी कंपनी १९९८ पासून 'प्रोफॉल' विकत होती. रोफॉलवाले अर्जात आधीचे, प्रोफॉलवाले बाजारात आधीचे. सर्वोच्च न्यायालयाने बाजारात आधी आलेल्याची बाजू उचलून धरली आणि रोफॉलवरची मनाई कायम ठेवली. नाव नोंदवून वर्षानुवर्षं दाबून ठेवणाऱ्याला ही चपराकच. पण तू यावर फार विसंबू नकोस. कलम ३४ चं अक्षर धरलं तर १९९२ ची तारीख १९९८ च्या आधीची होती, आणि तो हुकूम अंतरिम टप्प्यावरचा होता. वकील लोक यावर आजही वाद घालतात.

आणि आपल्या पुण्यातलं बर्गर किंगचं प्रकरण तर तुला माहीतच असेल, पेपरात इतकं आलं होतं. अमेरिकन कंपनीची भारतातली नोंदणी १९७९ ची. पुण्यातलं रेस्टॉरंट नव्वदच्या दशकात सुरू झालेलं. कंपनीने भारतात पहिलं दुकान उघडलं २०१४ मध्ये. दावा तिने त्याआधीच, २०११ मध्ये लावलेला. जिल्हा न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीचा दावा फेटाळला तेव्हा सगळ्या पुण्याने पेढे वाटायचे बाकी ठेवले. पण डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत रेस्टॉरंटला ते नाव वापरायला मनाई केली, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. बघ, १९७९ ची नोंदणी समोर असताना नव्वदच्या दशकातला वापर घेऊन उभं राहणं म्हणजे केवढी ओढाताण! तुझ्या प्रकरणात तसली जुनी नोंदणी नाहीये, हे तुझं नशीब समज.

आधी वापर म्हणजे कुठला वापर, हेही सांगते, कारण आपली एक लांबची मावसबहीण दुबईत तेच नाव वापरते, असं तू म्हणालीस. ते विसर. टोयोटाने १९९७ मध्ये जपानमध्ये प्रियस गाडी आणली. इथे गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक भारतीय कंपनी २००१ पासून प्रियस नाव वापरत होती. एवढी मोठी टोयोटा सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये हरली. २००१ च्या सुमाराला भारतातल्या गिऱ्हाइकाला ते नाव माहीत होतं, हे तिला दाखवता आलं नाही. टोयोटाला जमलं नाही ते मावसबहिणीला जमणार आहे का?

आता कागद. इथे मात्र माझं ऐक आणि घाई करू नकोस.

सासूबाई सांगतात, आम्ही २०१६ पासून विकतोय. कबूल. पण २०१६ मध्ये पाकिटावर हे नाव होतं का? की साध्या पिशवीत गोडा मसाला भरून, वर स्केचपेनने 'गोडा' लिहून देत होतात? नावाशिवाय विकलेला मसाला नावाच्या खात्यात जमा होत नाही. तू मला जो बिलबुकाचा फोटो पाठवलास, त्यावर लिहिलंय, 'मसाला २ किलो, चटणी १ किलो', खाली सही. त्या बिलातून तुम्ही मसाला विकला एवढंच दिसतं. त्यापेक्षा तुमच्या त्या प्रिंटरकडे जा. पाऊच कुणी छापले पहिल्यांदा? त्याच्याकडे बिल असेल, आणि त्यावर नुसतं 'पाऊच प्रिंटिंग' न लिहिता नाव घालून लिहिलेलं असेल, एवढे नग, अमुक तारीख, तर तो एक कागद तुमच्या दहा बिलबुकांना भारी. त्याच्याकडे जुनं डिझाइन कॉम्प्युटरवर असेल तर तेही घे. मग लेबल बघ. एफएसएसएआयचा नंबर आणि पॅकिंगची तारीख असलेलं जुनं पाकीट कुणाच्या तरी डब्यात नक्की पडलेलं असतं. वन्सं पुण्याला नेतात ना, त्यांच्याकडे विचार.

भीमथडी जत्रेत स्टॉल लावला होता तेव्हाची पावती, त्या स्टॉलच्या फलकाचा फोटो, फेसबुकवर तेव्हा टाकलेली पोस्ट, गिऱ्हाइकाचे व्हॉट्सअॅप मेसेज ज्यात नाव घेऊन ऑर्डर आहे, किराणा दुकानदाराला माल दिल्याचं चलन, सगळं वर्षवार लाव. वर्षाला एक तरी कागद हवा, कारण कलम नुसता आधी वापर म्हणत नाही, सतत वापर म्हणतं. करोनाच्या काळात धंदा बंद होता तर तसं सांगायचं, लपवायचं नाही. आणि भिशीत वाटलेली नमुन्याची पाकिटं यात घालू नकोस. फुकट वाटणं म्हणजे विक्री नव्हे, आणि समोरच्याचा वकील नेमकं तेच पाकीट उचलून बाकीच्यांवरही संशय घेईल.

अर्जाच्या फॉर्मवर, टीएम-ए म्हणतात त्याला, एक छोटासा रकाना असतो. नाव वापरात आहे की वापरण्याचा विचार आहे. घाईतला एजंट तिथे डोळे मिटून 'प्रपोज्ड टू बी युज्ड' टाकतो, कारण वापराची तारीख टाकली की सोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात, आणि त्याला ते काम नको असतं. चार दिवसांत तो मोकळा. पण तुझ्या स्वतःच्या सहीच्या अर्जात तू म्हणालीस की अजून वापर सुरूच केलेला नाही! मग पुढे २०१६ ची बिलं दाखवायला गेलीस की समोरचा तोच अर्ज तुझ्यापुढे धरणार. त्या रकान्यात तारीख लिही, जिला कागदाचा आधार आहे तीच लिही. सासूबाईंना पहिलं पाकीट आठवतं ती दिवाळी नव्हे. २०१६ चा कागद नाही आणि २०१७ चा आहे, तर २०१७. तरी तू २०२१ च्या आधीच आहेस. जुनी तारीख खोटी पडण्यापेक्षा अलीकडची खरी चालते.

फी तशी जास्त नाही. स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज केलास तर एका क्लासला ४,५०० रुपये. मसाला तीस नंबरात येतो, पण लोणचं एकोणतिसात. लोणचंही त्याच नावाने विकतेस, तर दोन्ही भर. नुसता क्लास वेगळा म्हणून दोन वस्तू वेगळ्या ठरत नाहीत, हेही सांगून ठेवते. उद्या त्याने तुझ्याच नावाने लोणचं काढलं तरी वाद घालता येतो.

अर्ज केलास की दुसरं काम सुरू होतं आणि ते कंटाळवाणं आहे. दर सोमवारी ट्रेडमार्क जर्नल निघतं. त्याचा अर्ज परीक्षकाकडून सुटला की तिथे छापून येईल, आणि त्या दिवसापासून चार महिन्यांत तुला हरकत घ्यायची असते. चार महिने म्हणजे चार महिने. आजारपण, लग्नसराई, ईमेल आला नाही, काही चालत नाही. हरकत घेतली की त्याला दोन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर त्याचा अर्ज तिथेच संपतो. अशी कितीतरी प्रकरणं न लढताच संपतात. चार महिने हातचे गेले तर नोंदणी रद्द करून घ्यायचा मार्ग आहे, पण तो लांबचा आणि खर्चाचा. तेव्हा त्याचा अर्ज नंबर कॅलेंडरवर लिहून ठेव आणि दर सोमवारी त्याची स्थिती बघ. काय सांगावं, त्याच्याच अर्जावर आणखी कुणाची हरकत असेल, किंवा त्यानेही रिपोर्टाला उत्तर दिलं नसेल.

आणखी एक. त्याला फोन करून शिव्या घालायच्या आधी तो कोण आहे ते बघ. तुझा माल बघून नाव उचललेला असेल, तर वेगळं. पण तो विदर्भात कुठेतरी स्वतःच्या डोक्याने तेच नाव सुचून प्रामाणिकपणे धंदा करत असेल, तर कायदा दोघांनाही नोंदणी देऊ शकतो, हद्दीच्या किंवा इतर अटी घालून. कलम १२. एकमेकांना लेखी संमती देऊनही असे वाद मिटतात. तुमची नावं 'घरगुती', 'आजीचा', 'कोल्हापुरी' असल्या जातीची असती तर मी म्हटलं असतं सोडून दे, तसल्या शब्दांवर कुणालाच एकट्याचा हक्क सहजासहजी मिळत नाही. पण तुमचं नाव वेगळं आहे. ते दोघांना सहज सुचेल असं मला तरी वाटत नाही.

आणि आता जे मी फोनवर बोलले नाही ते. अर्ज कुणाच्या नावाने करणार? तुझा दीर म्हणतो, दुकान माझ्या नावावर आहे, माझ्याच नावाने करा. अजिबात करू नकोस. त्याने एक पाकीट विकलेलं नाही. अर्जदार एक आणि वापरणारी दुसरी, असं झालं की २०१६ पासूनचा वापर नेमका कुणाच्या खात्यात धरायचा, इथूनच भांडण सुरू होतं. धंदा सुरू केला सासूबाईंनी, २०२० पासून चालवतेस तू, बँकेचं खातं तुझं, एफएसएसएआय आधी त्यांच्या नावाने आणि नंतर तुझ्या. कायदा तुझ्या आधीच्या हक्कदाराचा वापरही तुझ्यासाठी मोजतो, पण तो हक्क त्यांच्याकडून तुझ्याकडे आला हे कागदावर हवं. नोंदणी न झालेलं नावही असं लिहून देता येतं. किंवा दोघींची भागीदारी करा आणि भागीदारीच्या नावाने अर्ज भरा. मला तर दुसरं जास्त बरं वाटतं. त्यांचं नाव कागदावर राहील, आणि उद्या दिराने काही म्हटलं तर त्याला आईशीच बोलावं लागेल. वकिलांकडून मसुदा मी करून घेते. सासूबाईंशीही मीच बोलेन, तू त्यात पडू नकोस. तू उद्या सकाळी प्रिंटरकडे जा.